सदुसष्ट की सत्याहत्तर

अथणीकडच्या एका शेतकऱ्याने फोनवर सदुसष्ट पोती सांगितली आणि मी सत्याहत्तर लिहिली. त्यांचं मराठी कन्नड वळणाचं, माझ्या पाठीमागे सौद्याचा पुकारा, डोक्यावर पंख्याची घरघर. आकडा परत म्हणून घ्यायला हवा होता, तो मी घेतला नाही, ही चूक माझीच. पण संध्याकाळी दहा पोती गेली कुठं म्हणून गोदामात जी शोधाशोध झाली, ती आठवली की अजून घाम फुटतो. शेवटी गाडीवाल्याची पावती निघाली. तिच्यावर 67 असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आण्णा, म्हणजे आमचे शेठ, रागावले नाहीत. "मॅडम, एकदा कान तपासून घ्या," एवढंच म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर हिशेब आणि फोन सांभाळते. हळद आणि बेदाणा या दोन्हींचे सौदे उन्हाळ्यात एकदमच अंगावर येतात. मोबाइल आता सगळ्यांकडे आहेत, पण आमच्या पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, वर्षानुवर्षं छापला गेलेला नंबर लँडलाइनचा. जतपासून विजापूरपर्यंत शेतकऱ्यांच्या वहीत तोच लिहिलेला, त्यामुळे आण्णा तो बंद करू देत नाहीत. आत इंटरकॉमचं मशीन, त्याला चार एक्स्टेंशन, आणि त्यातलं मुख्य माझ्या टेबलावर. दिवसाला किती फोन येतात ते कधी मोजलं नाही. पाणी प्यायला उठलं की वाजतो, एवढं खरं.

कान तपासायला मिरजेला गेले. सांगलीकराचं काहीही दुखलं की पाय आपोआप मिरजेकडे वळतात. कानाच्या डॉक्टरांनी सगळं बघून कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. डावीकडे मान वळवताना मी तोंड वाकडं करते, हे मात्र त्यांनी हेरलं आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडे धाडलं. त्यांनी मला फोन धरून दाखवायला सांगितला. मी मोबाइलच रिसीव्हरसारखा डाव्या गालाखाली दाबला, खांदा वर उचलला आणि उजव्या हातात पेन घेतलं.

"किती वर्षं असं चाललंय?"

"एकोणीस."

त्या हसल्या नाहीत. व्यायाम लिहून दिले आणि बजावलं, की फोन एकतर हातात धरा, नाहीतर डोक्यावर घाला, मधल्या जागी नको.

दुसऱ्या दिवशी पेढीवर मी स्वतःकडेच लक्ष ठेवून बघितलं. रिसीव्हर खांद्यात धरला की ऐकायचा भाग कानावरून सरकून जबड्याकडे जातो आणि बोलायचा भाग हनुवटीच्या खाली. म्हणजे मला अर्धवट ऐकू येणार आणि समोरच्यालाही अर्धवट. सदुसष्टाचे सत्याहत्तर होण्यात माझ्या मानेचाही वाटा होता. आण्णांना म्हटलं, हेडसेट घेऊ या. ते म्हणाले, "घ्या की. दोन-तीनशेचं काम असंल." या दोन-तीनशेच्या कामाला पुढं अडीच महिने लागले.

पहिली खरेदी विश्रामबागेतल्या मोबाइलच्या दुकानातून. पोराला सांगितलं, ऑफिसच्या फोनला लावायचा हेडसेट हवाय. त्याने दोन्ही कान झाकणारा, लाल दिवे लागणारा एक अगडबंब प्रकार काढून दिला आणि वर "मॅडम, नॉइज कॅन्सलिंग आहे" अशी मोहोर उमटवली. साडेसहाशे रुपये. पेढीवर आणून बघते तर त्याची पिन लावायला फोनला भोकच नाही. 3.5 मिलिमीटरची पिन मोबाइलला किंवा कॉम्प्युटरला जाते. टेबलावरच्या काही फोनना 2.5 मिलिमीटरचं बारीक भोक असतं म्हणे, माझ्याला तेही नव्हतं. तो हेडसेट आता माझा भाचा खेळाला वापरतो.

मग मी फोन उलटा करून जरा नीट बघितला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. भिंतीतून येणारी वायर ज्या चौकोनी पिनेने फोनला लागते ती मोठी असते. रिसीव्हरच्या वेटोळ्या वायरची पिन दिसायला तशीच, पण अंगाने लहान, आणि तिच्यात पितळी रंगाच्या चारच काड्या. टेबलावरच्या फोनला चालणारे बरेचसे हेडसेट याच छोट्या पिनेवर येतात. रिसीव्हर काढायचा आणि त्याच्या जागी हेडसेट खुपसायचा. हे समजल्यावर फार हुशारी आल्यासारखं वाटलं आणि छोट्या पिनेचा एका कानाचा हेडसेट ऑनलाइन मागवला.

आला. पिन टक् करून बसली. मी मिरजेला मामेभावाला फोन लावला. मला रिंगसुद्धा ऐकू येईना आणि त्याने उचलला तर त्याला माझा शब्द ऐकू जाईना. परत रिसीव्हर जोडला तर सगळं व्यवस्थित. हेडसेट खराब निघाला असं समजून बदलून मागवला. दुसरा आला, तोही तसाच मुका आणि बहिरा.

इथं आमच्या इंटरकॉमवाल्याचा प्रवेश. गणपती पेठेत त्यांचं चिंचोळं दुकान आहे. 2019 च्या पुरात खालचं सगळं पाण्यात गेलं, पण जुन्या वायरींची खोकी माळ्यावर होती म्हणून वाचली. वय साठीच्या पुढं, बोलणं कमी. मी हेडसेट पुढं ठेवला तर त्यांनी तो कानाला लावलासुद्धा नाही. पिन चष्म्यासमोर धरली, खिशातून पेन्सिल सेल काढला आणि दोन बारीक वायरींनी सेलची दोन टोकं पिनेतल्या मधल्या दोन काड्यांना टेकवली. मग हेडसेट माझ्या कानाशी धरला. काही नाही. मग कडेच्या दोन काड्यांना टेकवली. कानात बारीकसं "कट्ट" झालं.

"बघा ताई, ह्यात कान कडंला हाय अन् माइक मधी. तुमच्या फोनात कान मधी अन् माइक कडंला. तुमी बोलालाय त्ये कानाच्या वायरीत शिरालंय. मग कसं व्हायचं?"

म्हणजे हेडसेट बिघडलेला नव्हता, फोनही नव्हता. चार काड्यांतल्या दोन ऐकण्याच्या, दोन बोलण्याच्या. रिसीव्हरला सहसा मधल्या दोन ऐकण्याच्या असतात, पण हेडसेटच्या बाबतीत प्रत्येक फोन कंपनीने आपापली मांडणी केलेली. पिन तीच, आकार तोच, आत मात्र घरं बदललेली. माहितीच्या पानावर "सर्व टेलिफोनसाठी" असं लिहिलेलं मी भाबडेपणाने वाचलं होतं. त्या ओळीचा अर्थ इतकाच, की पिन भोकात बसेल. त्यांनी जुनी पिन कापली, वायरींची अदलाबदल केली, क्रिम्पिंगच्या चिमट्याने नवी पिन दाबली आणि चाळीस रुपये घेतले. दोन वेळा मागवलेल्या वस्तूचं दुखणं चाळीस रुपयांत गेलं.

आता ऐकू येत होतं, जात होतं. पण रिसीव्हरची वायर काढून तिथं हेडसेट लावल्यावर नुसता रिसीव्हर फोनवर निर्जीव पडून. फोन आला की तो उचलून बाजूला ठेवायचा, संपला की परत ठेवायचा. कारण फोन उचलला की नाही हे ठरतं त्या पाळण्यातल्या दाबबटणावर. दिवसभर तो मुडदा उचलून-ठेवून वैताग आला. शेवटी रिसीव्हर कपाटात टाकला आणि तोलाईच्या टेबलावरून दोनशे ग्रॅमचं लोखंडी माप आणून दाबबटणावर ठेवलं. फोन वाजला की माप उचलायचं, बोलून झालं की ठेवायचं. पेढीवर येणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. एका तासगावच्या बागायतदारांनी तर विचारलं, "मॅडम, बोलणं वजनावर इकताय काय?"

मापाचं कौतुक चाललं तरी खरी तक्रार वेगळीच होती. समोरचे लोक म्हणत, आवाज लांबून येतोय. कवठेमहांकाळच्या एका आजोबांनी नेमकं सांगितलं: "ताई, हरिपुरातल्या पेवात उतरून बोलालाय काय?" हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल, यापेक्षा अचूक वर्णन होणार नाही.

तोवर मी हेडसेट निवडत होते ते माझ्या कानाला बरा वाटतो का, यावरून. पण मी स्वतःचा आवाज पलीकडे कसा जातो हे कधीच ऐकू शकत नाही. ते ऐकणारा माणूस वेगळा, आणि त्यालाच विचारायला हवं. माझ्या सुदैवाने असा माणूस घरातच होता. माझा मामेभाऊ मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत काम करतो, तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढतो, म्हणजे तारांच्या आवाजातला झंकार जुळवतो. तारेखालचा दोरा केसाएवढा सरकला तरी त्याला कळतं. आमच्यात एक जुनी चढाओढ आहे: सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी त्याला पेढे दिले होते, आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला मिळालं तेव्हा त्याने माझ्याकडून पेढे वसूल केले.

त्याला म्हटलं, मी आकडे वाचते, तू ऐकशील तसे लिही आणि कागदाचा फोटो पाठव. कागदावर मुद्दाम घोळाचे आकडे काढले: सदुसष्ट, सत्याहत्तर, बासष्ट, बाहत्तर, पंचावन्न, पंच्याण्णव, एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. मराठी आकड्यांची ही गंमत आहे, शेपूट गळालं की माणूस दहाने, कधी थेट चाळीसाने चुकतो. वेळ निवडली सौदा ऐन भरात असतानाची, पंखा चालू ठेवून.

इंटरकॉमवाल्यांनी तीन-चार हेडसेट चाचणीपुरते दिले होते. साध्या माइकच्या हेडसेटवर भावाने दहापैकी चार आकडे चुकवले. शिवाय कागदाच्या खाली त्याने एक ओळ लिहिली होती: "मागचा माणूस बेदाणा एकशे नव्वदला मागत होता." म्हणजे माझ्यापेक्षा पुकारणारा त्याला जास्त स्पष्ट ऐकू आला!

मग कळलं की नॉइज कॅन्सलिंग या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक माझ्या कानासाठी: बाहेरचा गोंगाट मला कमी ऐकू येतो. दुसरी माइकची: माझ्याभोवतीचा गोंगाट समोरच्याला कमी जातो. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने जे विकलं ते पहिलं. मला हवं होतं दुसरं. साध्या भाषेत, असा माइक पुढून आणि मागून दोन्हीकडून उघडा असतो. लांबचा आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच आदळतो आणि आपसात मिटतो. तोंड मात्र अगदी शेजारी, म्हणून बोलणं एका बाजूला जोरात लागतं आणि तेवढंच पुढं जातं. मी हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, मग माइक तोंडाजवळ नसेल तर तुझाही आवाज लांबचाच धरला जाईल की. अगदी बरोबर. मी माइकचा दांडा हनुवटीपाशी ठेवत होते, कारण तोंडासमोर काही आलं की मला गुदमरल्यासारखं होतं.

दांड्याची जागा शोधण्यात आम्ही एक अख्खी दुपार घालवली. बरोबर ओठांसमोर ठेवला तर "पंचावन्न"मधला "प" त्याच्या कानात फटाक्यासारखा फुटे आणि माझा श्वाससुद्धा ऐकू जाई. हनुवटीखाली नेला तर पेव. शेवटी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब, किंचित बाजूला, अशी जागा पक्की झाली. त्या जागी गोंगाट मारणाऱ्या माइकने दहापैकी नऊ आकडे बरोबर पोचवले. चुकला तो परत सदुसष्टच.

भाऊ म्हणाला, "आवाज स्वच्छ आहे, पण जवारी कापली जातीय." हे मी इंटरकॉमवाल्यांना सांगितलं, तर त्यांना हसू आलं. म्हणाले, टेलिफोनच्या लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो, फार वर्षांपासून तसंच ठरलेलं आहे. "स"ची सळसळ बरीचशी त्याच्या वर राहते, ती लाइनच कापते. हेडसेट पाचशेचा घ्या नाहीतर पन्नास हजारांचा. गाण्यासाठीचे भारी हेडफोन साध्या लँडलाइनवर वाया जातात ते यामुळे. इंटरनेटवरच्या कॉलला पट्टा रुंद मिळू शकतो, 7000 हर्ट्झपर्यंत किंवा त्याहूनही वर, तिथं चांगल्या हेडसेटचा फरक कळतो. आमच्या लाइनवर नाही. त्या दिवसापासून मी आकडे फोडून म्हणते आणि म्हणून घेते: सहा-सात, सदुसष्ट. ही अक्कल खरं तर फुकट होती.

एक कान की दोन कान, यावर पेढीत बराच खल झाला. दोन कानांचा घातला की शांतता अशी, की दिवसभर काढूच नये. पण दोन अडचणी आल्या. हेडसेट दिसला तरी लोकांना तो फोन वाटत नाही. "मॅडम गाणी ऐकतायत" असं समजून शेतकरी समोर उभे राहून बोलत राहायचे, मी इकडे दिल्लीच्या व्यापाऱ्याशी बोलत असायची, आणि दोघांनाही वाटायचं की मी त्यांना उत्तर देत नाही. दुसरी अडचण आण्णांनी काढली: "मॅडम, भांडताय कुणाशी?" मला कळेना. रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येतो, त्यावरून आपण नकळत किती जोरात बोलायचं ते ठरवतो. दोन्ही कान बंद आणि तो परतीचा आवाज अगदी कमी, असं झालं की माणूस ओरडायला लागतो. आमच्या यार्डात आधीच सगळे ओरडतात, त्यात माझी भर. एका कानाचा घेतला आणि आवाज जागेवर आला.

आता ज्या गोष्टी खोक्यावर कधीच लिहिलेल्या नसतात त्या. मी कानात कुड्या घालते. कडक गादीचा हेडसेट कुडीवर बसला की तासाभरात कानाची पाळी लाल. वरून चष्म्याची काडी, ती गादीखाली दबते आणि कानामागे रुतते. आंबाडा घातला की मागून जाणारा पट्टा बसत नाही, डोक्यावरूनच जाणारा लागतो. वायर मंगळसूत्रात अडकते, म्हणून वायरीला चिमटा हवा, तो खांद्यावर पदराच्या पिनेपाशी लावते. कातड्यासारख्या दिसणाऱ्या गादीला एप्रिलमध्ये असा घाम सुटतो की विचारू नका, त्यापेक्षा स्पंजची साधी टोपी बरी. डावा कान फोनला दिला, कारण उजवीकडे ग्राहक उभे राहतात. दांडा दोन्हीकडे फिरणारा असेल तरच हे जमतं, काहींचा फिरत नाही.

बिनतारीचा मोह मलाही झाला. हेडसेट घालून गोदामात जायचं, पोती मोजता मोजता बोलायचं. पण माझ्या साध्या फोनला ब्लूटूथ नाही. टेबलावरच्या फोनसाठी बिनतारी घ्यायचा तर त्याचा वेगळा खोका बसवायचा, आणि लांबून फोन उचलण्यासाठी रिसीव्हर वर ढकलणारं एक छोटं यंत्रही जोडायचं. त्याचा व्हिडिओ बघून आण्णा खूश झाले, किंमत ऐकून शांत झाले. शिवाय तो रोज चार्ज करायचा, आणि हंगामात आमच्याकडे कुणाला मोबाइल चार्जिंगला लावल्याचंही आठवत नाही.

शेवटी घेतलं ते असं. माप परत करता यावं म्हणून रिसीव्हरच नसलेला, नुसती बटणं आणि हेडसेटची खाच असलेला छोटा फोन. उचलायला-ठेवायला एकच बटण. त्याला एका कानाचा, गोंगाट मारणाऱ्या माइकचा हेडसेट, ज्याच्या वायरीला मध्येच एक सांधा आहे. हा सांधा माझ्या मते सगळ्यात कामाचा. उठायचं झालं की तिथून सोडवायचा, फोन चालूच राहतो, हेडसेट डोक्यावर ठेवून कपाटातली वही आणायची, परत जोडायचा. आणि खालची शेपटी बदलली की तोच हेडसेट दुसऱ्या फोनला किंवा यूएसबीने कॉम्प्युटरला चालतो. व्हॉट्सअॅपवर कॉल करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी मी दुसरी शेपटी घेऊन ठेवली. फक्त डोकं आणि शेपटी एकाच घराण्याची पाहिजे. एका कंपनीचा सांधा दुसरीच्या सांध्यात सहसा बसत नाही, हे इंटरकॉमवाल्यांनी आधी सांगितलं म्हणून वाचले. फोन, हेडसेट आणि जादा शेपटी मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. आण्णांनी बिल दोनदा वाचलं.

"नील आर्मस्ट्राँग चंद्रावरनं बोलला ते पण हेडसेटवरच," इंटरकॉमवाले बिलावर सही करता करता म्हणाले. "प्लँट्रॉनिक्सचा हुता. 1969."

आण्णा म्हणाले, "त्याच्या मागं सौदा न्हवता की."

मान आता बरी आहे, व्यायाम चुकवला की कुरकुरते. कवठेमहांकाळच्या आजोबांनी परवा फोन ठेवता ठेवता "आता जवळनं बोलालाय" असं सांगितलं. ते पेवातनं बोलणं कुठं गेलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणीच बोललं नव्हतं. हळदीची धूळ. हंगामात ती हवेतच असते, वहीवर, पंख्याच्या पात्यांवर, चहाच्या कपावर. काळी स्पंजची टोपी पंधरा दिवसांत कडेने पिवळी झाली, माइकवरची तर आठ दिवसांतच, आणि आवाज परत बसायला लागला. टोपी काढून झटकली तर टेबलावर चिमूटभर पडली, कुंकवाच्या करंडात ठेवावी एवढी. दहा टोप्यांचं पाकीट मागवलंय. आलं तेव्हा तोलाईवाला समोरच उभा होता, त्याचं दोनशे ग्रॅमचं माप मागायला.